एक तरी कथा पुरती छापा: दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दिवाळी अंकांचे सर्व संपादक,

सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की तुमची पत्रं निघतात. यंदाचा विषय अमुक, शब्दमर्यादा तमुक, मजकूर श्रावण संपायच्या आत हवा. आफ्रिकेतल्या लेखिकांच्या कथा मी मराठीत आणते हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असल्यामुळे मलाही एखाद-दुसरं पत्र येतं. त्यात मागणी बहुतेक वेळा एकच असते. ‘आफ्रिकन स्त्रीची व्यथा’ यावर लेख द्या. दुष्काळ, यादवी, बालविवाह, बहुपत्नीत्व, सगळं आलं पाहिजे. कथा मात्र मागितली जात नाही.

दोन वर्षांपूर्वी मीच न राहवून एक अनुवादित कथा पाठवली. महिन्याभराने संपादकांचा फोन आला. माणूस सज्जन, बोलणं अदबीचं. म्हणाले, “भाषा छान उतरलीय ताई, पण यात घडत काही नाही. बाई तर जगते. जरा दाहक काही आहे का तुमच्याकडे?”

मी काही बोलले नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. “बाई तर जगते.” ते वाक्य डोक्यातून जाईना. हे पत्र त्या वाक्यामुळे लिहिते आहे, पण ते एका संपादकांना उद्देशून नाही. तसं वाटणारे ते एकटे नाहीत. म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहिते.

परत आलेली ती कथा घानाच्या आमा आटा आयडू यांची, ‘द मेसेज’. १९७० साली ‘नो स्वीटनेस हिअर’ हा त्यांचा संग्रह आला, त्यात ती आहे. खेड्यातल्या एका म्हातारीच्या कानावर निरोप येतो: नातीला केप कोस्टच्या दवाखान्यात ‘उघडली’ आणि मूल काढलं. बस, एवढाच निरोप. पोट चिरलं म्हणजे माणूस संपलं, हा म्हातारीचा आणि साऱ्या आळीचा हिशेब. ती नातीचंच एक वस्त्र गाठोड्यात बांधून घेते. किनाऱ्यावरच्या शहरी लोकांना मेलेल्या माणसाचं करायची रीत नसते, माझ्या लेकराचा देह कुणी कसाही हाताळलेला मला चालणार नाही, असं तिचं म्हणणं. मेलेल्यांची चिरफाड करून त्यांच्यावर शिकतात म्हणे, हेही तिने ऐकलेलं असतं. लॉरीत बसून ती निघते. दवाखान्यात शिकाऊ नर्स तिला खेडवळ म्हणून हसते. आणि खाटेवर नात जिवंत असते. जुळ्यांसकट.

कथेत निवेदन जवळजवळ नाहीच. सगळं बोलण्यातून उलगडतं. कोण बोलतंय हेही आपणच आवाजावरून ओळखायचं. कथा वाचणाऱ्यांसाठीच लिहावी असं नाही, ऐकणाऱ्यांसाठीही लिहिता येते, अशी आयडूंची धारणा होती. म्हणून मी कच्चा खर्डा घेऊन गावी गेले आणि आत्याला वाचून दाखवला. आमचं गाव लातूरकडचं. आत्या अंगठेबहाद्दर, पण कथेतली नाडी तिला माझ्याआधी सापडते. मी लिहिलं होतं, ‘तिच्यावर शस्त्रक्रिया झाली म्हणे.’ आत्याने तिथेच थांबवलं. “आसं कोण बोलतंय गं? फाडली म्हण. पोरीला फाडली म्हणं, आसं बोलत्यात बाया.” माझ्या शब्दकोशाला जे जमलं नव्हतं ते तिने एका शब्दात दिलं. वस्त्राचं गाठोडं आलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला. शेवटी नात जिवंत निघाली तशी मांडीवर थाप मारून म्हणाली, “आगं माय, जिती हाय व्हय!” आणि रडली.

यात घडत काही नाही, असं मला फोनवर सांगितलं गेलं होतं. एक बाई गाठोड्यात मरण बांधून निघते आणि ते गाठोडं न सोडता परत येते. आत्याच्या पिढीतल्या किती जणींनी लेकीच्या, सुनेच्या, नातीच्या बाळंतपणाला असा प्रवास केला असेल! फरक इतकाच की परतताना गाठोडं तसंच बांधलेलं राहण्याचं भाग्य सगळ्यांना लाभलं नाही. त्यांच्यासाठी बाईचं जगणं हीच सगळ्यात मोठी घडामोड आहे.

आयडूंकडे दुःख नाही असं कोण म्हणेल? संग्रहाला जिचं नाव दिलं आहे तीच कथा घ्या. गावातली मास्तरीण ती सांगते. मामी अमाचा घटस्फोट होतो आहे, बैठक बसली आहे, दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलत आहेत, आणि तिकडे तिचा एकुलता मुलगा क्वेसी शाळेत खेळताना सर्पदंशाने जातो. शेवटी मास्तरणीला मामी अमा दिसते ती जमिनीवर गुडघे टेकून मुलाची पुस्तकं आणि शाळेचा गणवेश छातीशी कवटाळून बसलेली. मीही शाळेत शिकवलं आहे. वर्गातलं एक पोर कमी होणं काय असतं ते मी पाहिलं आहे. त्या प्रसंगाचा अनुवाद करायला मला आठ दिवस लागले. पण हे दुःख आपल्यापर्यंत पोचतं ते आधीची बारा-पंधरा पानं क्वेसीचं देखणेपण, त्याच्या आईचा अभिमान, मास्तरणीचा त्याच्यावरचा जीव आपण जगलेलो असतो म्हणून. लेखात मी ‘घटस्फोटित स्त्रीचे एकटेपण’ एवढं लिहून पुढे जाईन. क्वेसी त्यात कुठे बसवू?

आणि पावसाची गोष्ट मला तुमच्याशी जरा निवांत बोलायची आहे.

केनियाच्या ग्रेस ओगोट यांची ‘द रेन केम’ ही कथा त्यांच्या १९६८ च्या ‘लँड विदाउट थंडर’ या संग्रहात आहे. लुओ लोकांची जुनी गोष्ट त्यांनी नव्याने सांगितली. पाऊस नाही, गुरं मरताहेत. पाऊस पाडणाऱ्याला स्वप्नात पूर्वज सांगतो की सरोवरातल्या राक्षसाला एका तरुण मुलीचा बळी हवा. ती मुलगी म्हणजे प्रमुख लाबोंगोची लेक ओगांडा. वीस मुलग्यांत ती एकटी लेक. वडीलधारी माणसं आत कुजबुजत असताना ओगांडाला वाटतं, आपल्या लग्नाचीच बोलणी चालली आहेत. कोण असेल बरं, असा विचार करत ती मनातल्या मनात एकेका तरुणाला पारखत बसते. हे वाचताना पोटात कसं होतं ते मी तुम्हाला लेखातून कसं सांगू? मग तिला सजवतात, गाव नाचतं, आणि ती एकटी रान तुडवत सरोवराकडे चालू लागते.

ही कथा गेल्या श्रावणात गावातल्या बायकांना वाचून दाखवली. भजनी मंडळातल्याच दहा-बारा जणी, मारुतीच्या पारावर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या बायका या. अर्ध्यावर आले तोच एक म्हातारी म्हणाली, “ही तर शिळासप्तमीची कहाणी की.” खरंच की! आटपाट नगर, गावाला पाणी लागेना, जलदेवता राजाला म्हणाल्या, सुनेच्या वडील मुलाचा बळी दे. राजाने सुनेला माहेरी धाडलं, तिच्या मागे तिच्या पोराला तळ्याला दिलं, आणि तळं भरलं. ती परत येते, तळ्याकाठी वसा करते आणि पोर पाण्यातून तिला परत मिळतं. श्रावणात शुद्ध सप्तमीला आमच्या घराघरांत ही कहाणी आजही सांगतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची बाई आणि मांजरेच्या काठची बाई यांना एकच भीती वाटली आणि दोघींनी तिची गोष्ट केली.

सगळ्या जणी आता ओगांडाचं काय होतं याची वाट पाहत होत्या. ओगोट यांच्या कथेत ओसिंडा, तिच्यावर प्रेम करणारा तरुण, तिच्या मागून येतो. पूर्वजांच्या नजरेपासून आणि राक्षसाच्या रागापासून लपावं म्हणून पानापानांनी विणलेलं आवरण तो तिच्या अंगावर घालतो. दोघं पळतात. आणि विजा कडाडून धो धो पाऊस येतो. बळी न देता येतो. का येतो, ते कथा सांगत नाही. पारावर वाद रंगला. एक म्हणाली, देवाला दया आली. दुसरी म्हणाली, देवानं कधी मागितलंच नव्हतं, मागणारे दुसरेच. तासभर हे चाललं होतं. मी नुसती ऐकत होते.

मग मी त्यांना बोत्सवानाच्या बेसी हेड यांची ‘लुकिंग फॉर अ रेन गॉड’ सांगितली. वाचली नाही, नुसती सांगितली, कारण वाचायचा धीर झाला नाही. तिथे सात वर्षांच्या दुष्काळात एक कुटुंब खरंच आपल्या दोन लहान मुलींचा बळी देतं. पाऊस येत नाही. बापाला आणि आजोबाला फाशीची शिक्षा होते. हेड लिहितात, गावातल्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं की आपण त्या वाटेवर गेलो नाही ते अगदी थोडक्यात. पारावर कोणी बोललं नाही. बऱ्याच वेळाने एक जण एवढंच म्हणाली, “बाहत्तरला मी पोटात लेकरू घेऊन खडी फोडली. सुकडी खाल्ली. डोक्यात काय काय आलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही.” तिने त्या दिवशीही सांगितलं नाही.

मला विचाराल तर वाङ्मयाचं काम तिथे झालं. माझ्या कुठल्याही लेखाने ते केलं नसतं.

आफ्रिकेतल्या लेखकांच्या कथेला दिला जाणारा केन पुरस्कार २०२२ साली मिळालेली कथाही पावसाचीच. लेखिका केनियाच्याच, इद्झा लुहुम्यो. तिच्या नायिकेच्या केसांत पाऊस बोलावण्याची शक्ती आहे आणि म्हणूनच घरचे आणि गावचे तिला घाबरतात. ओगोट यांच्या संग्रहापासून ही कथा ५४ वर्षांच्या अंतरावर. ओगांडाला पावसासाठी द्यायचं होतं, इथे पाऊसच मुलीच्या हाती आला आहे, आणि तरी तिची सुटका नाही. एका देशातल्या लेखिका एकच धागा पिढ्यान्‌पिढ्या कशा कातत नेतात ते दाखवायला या दोन कथा शेजारी शेजारी छापल्या तरी पुरे. वर विवेचन नको.

बेसी हेड यांच्याबद्दल आणखी थोडं लिहू द्या, कारण माझा जीव त्यांच्यात गुंतला आहे. जन्म १९३७, दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारित्झबर्गच्या मनोरुग्णालयात. आई गोरी, बाप काळा, आणि त्या देशात हे नातंच गुन्हा. १९६४ मध्ये त्या बोत्सवानात सेरोवे गावी आल्या, अनेक वर्षं निर्वासित म्हणून राहिल्या, नागरिकत्व मिळायला १९७९ उजाडलं. १९८६ मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. या बाईने गावातल्या बायकांचं ऐकून ‘द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स’ हा कथासंग्रह लिहिला, १९७७ चा.

त्याच्या नावाच्या कथेतली डिकेलेदी नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगायला तुरुंगात येते. ‘दाहक’ मागणाऱ्यांना इथे हवं ते सगळं मिळेल: टाकून गेलेला नवरा, पोरांचं ओझं, सुरी. तुरुंगातल्या सोबतिणींचीही तीच कहाणी. पण मी अनुवादाला बसले आणि अडकले ते सुरीपाशी नाही. अडकले एका बिरुदावर. डिकेलेदी विणते, शिवते, घरं शाकारते, आणि गावात तिची ओळख अशी की जिने शाकारलेलं छप्पर गळत नाही ती बाई. मी तो शब्द घेऊन आत्याकडे गेले. आमच्याकडे माळवदाची घरं, शाकारणी कोकणातली, तरी ती लगेच म्हणाली, “मंजी नावाजलेली म्हण की.” मी ‘जिच्या शाकारणीला गळती नाही’ असंच ठेवलं. तुरुंगाच्या दारातून आत येणाऱ्या बाईबद्दल हे वाचल्यावर ती तुमच्या यादीतली व्यथा उरत नाही. ती कारागीर असते. हातात कसब असलेली, शेजाऱ्यांचा जीव लावून घेतलेली.

आणि तिला हाक काय मारतात? ममा-बनाबोथे. बनाबोथेची आई. थोरल्या मुलाच्या नावाने. आपल्याकडे खेड्यात बाळूची आई म्हणतात, तसंच. याच बनाबोथेच्या पुढच्या शाळेच्या फीला पैसे कमी पडतात म्हणून ती आयुष्यात एकदाच त्या नवऱ्याकडे मागायला जाते, आणि तिथून सगळं बिघडत जातं. कथा संपते ती तिच्या शेजाऱ्याच्या, पॉल थेबोलोच्या शब्दावर: पोरांची काळजी करू नका, मी त्यांना माझी समजेन, हायस्कूलपर्यंत शिकवीन. खुनाच्या कथेचा शेवट फीवर होतो. हे ज्या संपादकाला लक्षात येईल त्याला माझं पत्र पुढे वाचायची गरज नाही.

श्रद्धेचंही असंच. तुमच्या मागणीपत्रांत हा शब्द अंधश्रद्धा म्हणूनच येतो. याच संग्रहात ‘हेवन इज नॉट क्लोज्ड’ आहे. गालेथेबेगे नावाची बाई देवभोळी ख्रिस्ती, पण तिने ज्याच्याशी लग्न केलं तो रालोकाए त्स्वाना चालीरीती मानणारा, चर्चला न जाणारा. लग्न त्याच्या रीतीने झालं. मिशनऱ्याने तिला बाहेर काढलं, तुला स्वर्गाचं दार बंद म्हणून सांगितलं. बाईने काय केलं? नवऱ्याला सोडलं नाही, देवालाही सोडलं नाही. झोपडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघे टेकून ती आयुष्यभर प्रार्थना करत राहिली, नव्वदीत जाईपर्यंत. तिने बंड पुकारलं नाही, भाषण केलं नाही. मिशनऱ्याने बंद केलेलं दार तिच्यासाठी बंद नव्हतं, एवढंच. आपल्या घरांतल्या देवघरासमोर अशा किती जणी बसल्या आहेत, ज्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की तुझा अधिकार नाही! या बाईला तुमच्या अंकातली दहा पानं मिळायला हवीत.

आता तुमच्या अडचणी. त्या मला ठाऊक आहेत. जाहिराती आटल्या, कागद महागला. परवानगी कोण आणणार, कशी आणणार, हाही प्रश्न. परवानगीचं पत्र मी लिहीन, आजवर लिहीतच आले. हक्क कोणाकडे आहेत ते शोधायला वेळ लागतो म्हणूनच मागणी आषाढात नको, माघात करा. अनुवादकाचं नाव अनुक्रमणिकेत लेखिकेच्या शेजारी छापा आणि मानधन कवितेच्या ओळींवरून ठरवू नका. ‘आफ्रिकन कथा’ असा शिक्का मारू नका. त्या खंडात ५४ देश आहेत. घानाची कथा म्हणा, केनियाची म्हणा, बोत्सवानाची म्हणा. आणि कथेसोबत डोक्यावर घडा घेतलेल्या काळ्या बाईचं तेच ते रेखाटन कृपा करून नको. चित्रकाराला आधी कथा वाचायला द्या. तो गाठोडं काढेल, किंवा शाकारलेलं छप्पर.

१९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशीनाथ रघुनाथ मित्र बंगाली शिकले होते, तिथल्या कथा-कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्या भाषेच्या प्रेमाने नावही ‘मित्र’ घेतलं. तुमच्या परंपरेचा पहिला माणूस अनुवादक होता. त्याने बंगाली बाईच्या व्यथेवर लेख मागवून काम भागवलं नाही.

नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांचं उदाहरणही तुम्हाला जवळचं वाटेल, कारण त्या लेखिका होत्या तशा प्रकाशकही. १९६६ मध्ये त्यांची पहिली कादंबरी लंडनहून निघाली. पुढे बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातलं यादवी युद्ध, झालं, युद्धानंतर त्यांनी सरकारात अनाथ मुलांचं काम पाहिलं, आणि मग एनुगूमध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, ताना प्रेस. आपली पुस्तकं आपल्याच माणसांच्या हाती पडेनात म्हणून एक बाई छापखान्याच्या हिशेबात शिरली. युद्धातल्या बायकांवरच्या कथांचा त्यांचा संग्रह १९८० सालचा. त्यातल्या बायका नुसत्या सोसत नाहीत. कोणी कोणाच्या वतीने बोलायचं यावर कडाकडा भांडतात. ती कथाही माझ्याकडे अर्धी झाली आहे.

पूर्ण झालेल्या चार आहेत. ‘द मेसेज’ तर टंकलिखित, तपासलेली, अकरा पानं. जो अंक ती पुरती छापेल, एकही परिच्छेद न कापता, त्याला मी आजच पाठवते.

परवा गावी गेले होते. आत्या आता फारशी उठत नाही. मी पाणी प्यायच्या आधीच तिने विचारलं, “ती गं, जिचं छप्पर गळत नव्हतं ती. तिची पोरं शिकली का?” मी सांगितलं, कथा तिथे संपते आत्या, शेजाऱ्याने शब्द दिलाय एवढंच पुस्तकात आहे. ती थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिली. “शब्द दिलाय ना,” म्हणाली, “मग शिकली आसतील.”

आपली,
एक अनुवादक